पाळणाघर, गाडी आणि जेवण यांचाही खर्च उचला : टेक्सासमधील महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणीचे सर्व पदाधिकारी व सभासद,
ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो परिसरातील महाराष्ट्र मंडळे

विषय : हिस्पॅनिक पालक व त्यांची मुले यांच्यासाठी एकत्रित चालणाऱ्या वस्तीपातळीवरील कार्यक्रमांना साहाय्य करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास आपल्या घरांतून आणि संस्थांतून गरजू मुलांसाठी दप्तरे, वह्या आणि रंगपेट्या दिल्या जातात, आणि टेक्सासमध्ये राहत असल्यामुळे त्यांतील बऱ्याचशा वस्तू हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, मुलांच्या हाती पडतात. या देण्यामागचा भाव सच्चा आहे. परंतु सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात आई आणि मूल यांच्यासाठी एकत्र भरणाऱ्या एका वर्गात स्वयंसेविका म्हणून काम करताना जे दिसते, त्यावरून आपल्याकडे एक वेगळी मागणी करावी असे मला मनापासून वाटते. मुलाला दिलेले दप्तर मुलापाशी थांबते. त्याच्या आईला किंवा वडिलांना त्याच्यासोबत शिकण्याची संधी मिळाली, तर तिचा लाभ त्या मुलाला, त्याच्या पाठच्या भावंडांना आणि खुद्द त्या पालकालाही पुढची अनेक वर्षे होत राहतो. अशी संधी देणारे कार्यक्रम आपल्या शहरांत आहेत. मात्र पैसा आटला, की त्यांतील ज्या गोष्टींमुळे पालक दारापर्यंत पोहोचू शकतात त्याच गोष्टी, म्हणजे पाळणाघर, ने-आण करणारी गाडी, जेवण आणि वस्तीतल्याच बायकांना दिले जाणारे मानधन, सर्वांत आधी कापल्या जातात. मंडळांनी आपला पैसा, वेळ आणि आवाज नेमका तिथे लावावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

असा वर्ग आत कसा चालतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले नसेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आमच्या वर्गाला दोन खोल्या आहेत आणि मध्ये एक बोळ आहे. एका खोलीत आया बसतात, तर दुसरीत पाळणाघर असून तिथे तीन वर्षांपर्यंतची मुले असतात. सकाळी आयांच्या खोलीत लांबलचक टेबलावर पुठ्ठे, जुने मोजे, कापडाच्या चिंध्या, कापूस आणि सुईदोरा मांडलेला असतो, कारण वर्गाची सुरुवातच खेळणी करण्यापासून होते. मोज्यात कापूस भरून बाहुली करायची असेल, तर डोळ्यांच्या जागी बटण लावत नाहीत, काळ्या दोऱ्याचे टाके घालतात, कारण बटण निघून मुलाच्या घशात अडकू शकते. हे सांगता सांगता शिकवणारी बाई वर्षभराच्या मुलाच्या हाताची पकड कशी असते, ते प्रत्येक वस्तू तोंडात का घालते, आणि ती बाहुली हातात घेऊन आईने त्याच्याशी काय काय बोलावे, यावर येते. चर्चा सगळी स्पॅनिशमध्ये होते. एखादी बाई ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेली असली, तर तिची मातृभाषा माम किंवा किचे असते आणि स्पॅनिश ही तिने मागाहून शिकलेली भाषा असते. मग शेजारची दुसरी बाई तिला हळूच समजावून देते. त्यानंतर सगळ्या जणी बोळ ओलांडून पाळणाघरात जातात आणि आपण केलेले खेळणे घेऊन आपापल्या मुलापाशी जमिनीवर बसतात. इथे पुढाकार मुलाचा असतो. मूल ज्याकडे पाहील त्याबद्दल आईने बोलायचे असते, आणि मुलाने बाहुली फेकून पुठ्ठ्याचे खोकेच हाती घेतले तर तिनेही खोक्याबद्दल बोलायचे असते. शिकवणाऱ्या बाई मागे उभ्या राहतात आणि मधे पडत नाहीत.

हा अर्धा तास या संपूर्ण कार्यक्रमाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. आईला खोलीत बसवून बालविकासावर भाषण देता येते, आणि मुलाला उत्तम बालवाडीतही घालता येते. मात्र ऐकलेली गोष्ट आपल्याच मुलावर, लगेच, सोबतिणींच्या समोर करून पाहिल्याने आईच्या अंगात जो विश्वास येतो, तो या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून येत नाही. पहिल्या आठवड्यांत काही आया मुलापाशी नुसत्या बसून राहतात. शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे, आपण कमी शिकलेल्या, आपण मधे बोलून मुलाचे नुकसान करू, अशी त्यांची मनापासूनची समजूत असते. वर्षाच्या शेवटी त्याच बाया चित्रांचे पुस्तक उघडून, त्यातला मजकूर वाचता येत नसला तरी, चित्रांवरून स्वतःची गोष्ट रचून सांगताना दिसतात.

या पद्धतीचे मूळ आपल्याच राज्यात आहे, हे मंडळांतील फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ग्लोरिया रॉड्रिगेझ या शिक्षिकेने 1973 मध्ये सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागातील मिरासोल या सरकारी घरांच्या वसाहतीत ‘अवान्से’ या संस्थेचे काम सुरू केले. पहिलीच्या वर्गात येतानाच मागे पडलेली मुले पाहून, मदत त्याआधीच्या वयात आणि घरापासून सुरू व्हायला हवी, या निष्कर्षाला त्या आल्या होत्या. तीन वर्षांखालील मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी नऊ महिन्यांचा, आठवड्यातून एकदा तीन तास भरणारा वर्ग, त्यात खेळणी करण्याचा तास, बालसंगोपनाचा तास, आणि दवाखाना, ग्रंथालय, प्रौढशिक्षण अशा सोयींची ओळख करून देणारा तास, त्याच वेळी मुलांसाठी पाळणाघर, वर्गाबाहेर गृहभेटी, आणि वर्ष संपल्यावर झगा आणि टोपी घालून पदवीदान, असा तो आराखडा होता. पुढे तो ह्यूस्टन, डॅलस आणि रिओ ग्रँडे खोऱ्यात पसरला. पदवीदानाचा भाग वरवरचा वाटेल, पण ज्या बाईला शाळा अर्धवट सोडावी लागली तिला आपल्या मुलाच्या देखत तो झगा घालायला मिळणे याचे मोल त्या घरात फार मोठे असते.

त्याच वर्षी, त्याच शहराशी संबंधित आणखी एक घटना घडली. शहराच्या पश्चिमेकडील एजवूड स्कूल डिस्ट्रिक्टमधील (म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीतील) पालकांनी, डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांच्या पुढाकाराने, 1968 मध्ये खटला भरला होता. मालमत्ता करावर शाळा चालवल्यामुळे गरीब वस्तीच्या शाळा कायम गरीब राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. 21 मार्च 1973 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला, आणि शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही असे ठरवले. हे सांगण्याचे कारण असे, की हिस्पॅनिक पालकांना शिक्षणाची आस्था नसते, असे आपल्या बैठकांत कधी कधी सहज बोलले जाते. ज्या पालकांनी आपल्या मुलांच्या शाळेसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, त्यांच्या नातवंडांच्या वस्तीबद्दल आपण हे बोलत असतो.

त्याच पिढीने आणखी एक गोष्ट सोसली. टेक्सासमध्ये 1918 च्या कायद्याने, परकीय भाषेचा तास सोडला तर, इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकवणे हा शिक्षकासाठी गुन्हा ठरवला होता, आणि शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असत. द्विभाषिक शिक्षणाचा कायदा राज्याने केला तो 1973 मध्येच. आज आमच्या वर्गात नातवंडाला घेऊन येणाऱ्या काही आज्या त्या काळच्या आहेत. आपल्या मुलांना असा मार बसू नये म्हणून त्यांच्याशी स्पॅनिश बोलणेच ज्यांनी कमी केले, आणि इंग्रजी पुरेसे येत नव्हते म्हणून एकूण बोलणेच कमी झाले, अशी घरे इथे आहेत. म्हणून या वर्गांत पालकांना आधी सांगितले जाते, की तुम्हाला जी भाषा उत्तम येते त्या भाषेत मुलाशी भरपूर बोला, कारण घरच्या भाषेत पक्के झालेले शब्दभांडार आणि गोष्ट सांगण्याची सवय मुलाला पुढे इंग्रजी शिकतानाही उपयोगी पडते. आपल्या मराठी शाळांमध्ये रविवारी येणाऱ्या पालकांना हेच सांगावे लागते, हे आपण जाणताच.

येथे मी एका अवघड मुद्द्याला हात घालते, कारण तो टाळून हे पत्र प्रामाणिक होणार नाही. आपली मुले परक्या देशात येऊन स्पर्धा जिंकतात, वर्गात पहिली येतात, मग यांची का मागे राहतात, हा प्रश्न आपल्यातील सुशिक्षित आणि एरवी उदार माणसेही विचारतात. याचे उत्तर मेहनतीत किंवा संस्कारात शोधण्याआधी आपण कसे आलो हे आठवावे. 1965 च्या कायद्याने आशियातील लोकांना या देशाची दारे उघडली, तेव्हा कौशल्य असलेल्यांसाठी त्यात वेगळी सोय होती. आज आपल्यापैकी बहुतेक जण ज्या एच-1बी व्हिसावर आले, तो किमान पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता असल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे आपल्यातील शिकलेले, नोकरी हातात असलेले आणि इंग्रजी जाणणारे तेवढे निवडून इथे आणले गेले. हिस्पॅनिक समाजातही डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक आहेतच. त्यांतील काही घराणी टेक्सास 1845 मध्ये अमेरिकेत सामील होण्याच्या आधीपासून इथे नांदत आहेत. पण आमच्या वर्गात येणाऱ्या कुटुंबांतले वडील छपरे घालतात, स्वयंपाकघरांत भांडी घासतात, आई हॉटेलच्या खोल्या साफ करते, आणि त्यांची निवड कोणत्याही पदवीवरून झालेली नाही. गिफ्टेड वर्गासाठी अर्ज कधी करायचा, शिक्षकाला ईमेल कसा लिहायचा, मूल वाचनात अडखळत असेल तर त्याची तपासणी शाळेकडून लेखी मागता येते, ही माहिती आपल्या घरात ओळखीपाळखीतून आपोआप फिरते. त्यांच्या घरात ती कोणीतरी नेऊन पोहोचवावी लागते.

आणि ती पोहोचली नाही तर तिचे ओझे मुलावर पडते. दहा वर्षांचा मुलगा आईसोबत दवाखान्यात जाऊन तिच्या आजाराची नावे इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये तिला सांगतो, घरमालकाच्या नोटिसा वाचतो, आणि पालकसभेत स्वतःच्याच प्रगतीबद्दल शिक्षिका काय म्हणाली ते आईला ऐकवतो. अशा मुलांच्या शहाणपणाचे आपण कौतुक करतो, परंतु घरात मोठे कोण आणि लहान कोण याचा तोल त्यामुळे ढळतो, आणि मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की आईवडिलांच्या शब्दाला पूर्वीचे वजन उरत नाही. या वयासाठीही एकत्रित कार्यक्रम आहेत. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने सुरू केलेल्या ‘हुंतोस’ या उपक्रमात आठवीपासून बारावीपर्यंतचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच कार्यशाळेत बसतात, आणि कॉलेजचा खर्च, क्रेडिट्स आणि प्रवेशाचे वेळापत्रक दोघांना एकाच वेळी समजावले जाते. त्यामुळे मुलाला आईचा दुभाषा व्हावे लागत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो इथे 1987 मध्ये वाहाक मार्दिरोसियन यांनी सुरू केलेल्या पालक-प्रशिक्षण संस्थेचे काम पालकसभांतूनच उभे राहिले. मुलाच्या शाळेत काय अडते, हे पालकांनाच विचारून त्यांनी वर्ग आखले.

या सर्वांचा उपयोग होतो याला पुरावा काय, असे आपल्यातील हिशेबी सभासद विचारतील, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. लॉस एंजेलिसमध्ये 2007 पासून चालणाऱ्या ‘आब्रिएन्दो पुएर्तास’ या दहा सत्रांच्या कार्यक्रमाची, ज्यात प्रत्येक सत्राची सुरुवात एखाद्या स्पॅनिश म्हणीने होते, ‘चाइल्ड ट्रेंड्स’ या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने पाहणी केली आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्गात आलेले पालक मुलांसोबत वाचनासारख्या गोष्टी घरी अधिक करू लागले, असे त्यात दिसले. याउलट एक प्रतिकूल अनुभवही मी आपल्यापुढे ठेवते. केंद्र सरकारने 1989 मध्ये ‘ईव्हन स्टार्ट’ हा कुटुंब-साक्षरता कार्यक्रम देशभर सुरू केला होता. आईवडिलांना प्रौढशिक्षण, मुलांना बालशिक्षण, पालकत्वाचा तास आणि दोघांची एकत्र वेळ, असे त्याचे चार भाग होते, आणि त्यात हिस्पॅनिक कुटुंबांचा वाटा मोठा होता. 2003 मध्ये आलेल्या राष्ट्रीय मूल्यमापनात कार्यक्रमातील कुटुंबे आणि बाहेरची कुटुंबे यांच्या प्रगतीत फरक आढळला नाही, पुढे निधी कमी होत गेला आणि 2011 मध्ये तो थांबला.

हा निकाल मी हलक्याने घेत नाही. परंतु तेच मूल्यमापन आणखी एक गोष्ट सांगते: जेवढे तास कुटुंबांसाठी उपलब्ध होते, त्यांतील थोड्याच तासांना ती प्रत्यक्षात हजर राहिली. या कामात असलेल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटणार नाही. ज्या बाईला दोन बस बदलून यावे लागते, जिच्या कामाची पाळी दर आठवड्याला बदलते आणि जिच्या कडेवर दुसरे तान्हे असते, तिच्यासाठी वर्ग उपलब्ध आहे असे कागदावर लिहिणे आणि ती तिथे बसणे यांत फार अंतर आहे. जे औषध थोडेच घेतले गेले त्याचा गुण आला नाही म्हणून औषध टाकून देणे योग्य नाही. ते पोटात जाईल अशी व्यवस्था करायला हवी, आणि ती व्यवस्था म्हणजेच मी सुरुवातीला सांगितलेल्या चार गोष्टी आहेत.

एका ठिकाणी ही व्यवस्था कायद्याच्या पातळीवर फार पूर्वी ओळखली गेली. शेतमजुरांच्या मुलांसाठी हेड स्टार्टची, म्हणजे गरीब घरांतील लहान मुलांसाठी केंद्र सरकारने चालवलेल्या बालशिक्षण कार्यक्रमाची, वेगळी शाखा 1969 मध्ये सुरू झाली, कारण रिओ ग्रँडे खोऱ्यातून पिकामागोमाग उत्तरेकडे मिशिगनपर्यंत जाणाऱ्या कुटुंबांना एका जागी चालणारी बालवाडी निरुपयोगी होती. ही केंद्रे हंगामाप्रमाणे उघडतात, शेतावरच्या कामाच्या वेळेप्रमाणे पहाटे सुरू होतात आणि अगदी तान्ही मुलेही घेतात. मराठवाड्यातून कारखान्यांकडे जाणारी ऊसतोड कुटुंबे आणि त्यांच्या मुलांसाठी काढलेल्या साखरशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातील गरज वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शाळांच्या बाबतीतही कायदा आपल्या बाजूने आहे, मात्र त्याचा वापर तोकडा होतो. गरीब विद्यार्थ्यांसाठी केंद्राकडून ‘टायटल वन’ या नावाने जो निधी येतो, त्यात पाच लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम मिळणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टने किमान 1 टक्का पालक व कुटुंब यांच्या सहभागासाठी राखून ठेवलाच पाहिजे, आणि त्यातील 90 टक्के थेट शाळांना दिले पाहिजेत. या पैशातून पालकांच्या ने-आणीचा आणि त्या वेळेपुरत्या पाळणाघराचा खर्च करता येतो, असे 2015 च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. हा पैसा कसा खर्चायचा हे ठरवताना पालकांना विचारात घेणेही बंधनकारक आहे. तरीही तो कित्येकदा छापील माहितीपत्रके आणि एखाद्या संध्याकाळचा मेळावा यांतच संपतो, कारण विचारणारे पालक सभेला पोहोचत नाहीत. पाळणाघर नसल्यामुळे ते सभेला येऊ शकत नाहीत, आणि ते सभेत नसल्यामुळे पाळणाघरासाठी पैसा बाजूला निघत नाही. हे चक्र बाहेरच्या कोणीतरी तोडावे लागेल, आणि ते करण्याइतके बळ आपल्या मंडळांकडे आहे.

2025 पासून या सर्वांवर भीतीचे सावट आहे, हे आपणही पाहत असाल. शाळा, दवाखाने आणि चर्च यांच्या परिसरात इमिग्रेशनची कारवाई शक्यतो टाळण्याचे जे धोरण होते, ते जानेवारी 2025 मध्ये मागे घेण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये हेड स्टार्टचा लाभ इमिग्रेशनच्या दर्जाशी जोडण्याची सूचना केंद्रीय आरोग्य खात्याने काढली, आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयांनी तिला स्थगिती दिली. ज्यांची कागदपत्रे पूर्ण आहेत, ज्यांची मुले याच देशात जन्मलेली आहेत, अशी कुटुंबेही अशा बातम्यांनंतर घराबाहेर पडायला कचरतात, कारण घरातील एखाद्या माणसाचा दर्जा वेगळा असू शकतो. शाळेत मुलाला बसवण्याचा हक्क मात्र शाबूत आहे. टेक्सासच्याच टायलर गावातून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, इमिग्रेशनच्या दर्जावरून कोणत्याही मुलाला सार्वजनिक शाळा नाकारता येणार नाही, असा निर्णय दिलेला आहे. आपल्या मंडळांत व्हिसाची चिंता काय असते हे सांगावे लागत नाही, आणि म्हणून या कुटुंबांची धास्ती समजून घेण्याची क्षमता आपल्यात इतरांहून अधिक असायला हवी.

आता नेमके काय करावे, याविषयी. पहिली विनंती पैशाची आहे, आणि तिच्यासोबत एक अट आहे. आपल्या शहरात असा कार्यक्रम चालवणाऱ्या एखाद्या संस्थेला वर्षातून एकदा वस्तू देण्याऐवजी, सलग तीन वर्षे त्यांच्या पाळणाघरातील ताईचे मानधन किंवा गाडीचा खर्च देण्याचे लेखी वचन द्यावे. पाळणाघर सांभाळणारी आणि गृहभेटीला जाणारी बाई त्याच वस्तीतली, शक्यतो त्याच वर्गातून शिकून पुढे आलेली असावी, हा या कामाचा जुना आणि कसाला लागलेला नियम आहे. इस्रायलमध्ये 1969 मध्ये आविमा लोम्बार्ड यांनी आखलेल्या आणि 1980 च्या दशकात अमेरिकेत आलेल्या ‘हिप्पी’ या गृहभेटींच्या कार्यक्रमातही शेजारचीच आई घरी येते, त्या आठवड्याचा पाठ आधी स्वतः करून दाखवते आणि मग आई तो मुलाकडून करून घेते. अशा बाईला एक वर्ष मानधन देऊन दुसऱ्या वर्षी पैसे नाहीत म्हणून घरी बसवले, तर तिच्यासोबत तिने बांधलेली सगळी ओळखही जाते. दिवाळीच्या किंवा गणेशोत्सवाच्या जमाखर्चात हा आकडा कायमच्या रकान्यात बसवावा, असे मला वाटते. आपले सभासद ज्या कंपन्यांत आहेत त्यांतील अनेक कंपन्या सभासदाच्या देणगीइतकीच रक्कम स्वतःकडून घालतात, त्यामुळे हे ओझे वाटते तेवढे जड नाही.

दुसरे, वेळ. इंग्रजी संभाषणाचा सराव, छोट्या संस्थेचे हिशेब लिहून देणे, कॉलेजच्या आर्थिक साहाय्याचा फॉर्म भरताना पालकांशेजारी बसणे, ही कामे आपल्यातील माणसे उत्तम करू शकतील. शनिवारी वर्ग ठेवला तर आठवडाभर छपरावर काम करणारे वडीलही येतात, आणि शनिवारी आपल्याकडे मोकळी माणसे असतात. मात्र आपण तिथे शिकवणारे म्हणून जाऊ नये. वर्ग त्यांचा आहे, भाषा त्यांची आहे, आणि आपल्या मुलांच्या यशाची उदाहरणे तिथे देऊ नयेत, कारण त्याने ऐकणाऱ्या आईचा धीर खचतो. मराठी शाळांच्या शिक्षकांना मी विशेष आग्रह करीन. घरची भाषा टिकवत मुलाला शाळेच्या भाषेत तयार कसे करावे, याविषयी या आयांशी त्यांचे बोलणे दोन्ही बाजूंना काही ना काही देऊन जाईल, असा माझा विश्वास आहे.

देणगीच्या बदल्यात कुटुंबांचे फोटो, नावे किंवा पत्ते कधीही मागू नयेत. अहवालात लाभार्थ्यांचे हसरे चेहरे हवेत ही आपली सवय निरुपद्रवी वाटते, पण आजच्या परिस्थितीत एका फोटोमुळे एखादी आई वर्गाला येणे कायमचे थांबवू शकते. किती तास पाळणाघर चालले आणि किती फेऱ्या गाडीने केल्या, एवढा हिशेब पुरेसा मानावा.

शेवटची विनंती आवाजाची. लोकांच्या मताने या कामासाठी पैसा उभा राहतो, हे सॅन अँटोनियोने दाखवून दिले आहे. महापौर हुलियन कास्त्रो यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर 2012 मध्ये शहराने बालशिक्षणासाठी विक्रीकरात डॉलरमागे सेंटच्या आठव्या हिश्शाची वाढ मतदानाने मान्य केली, आणि 2020 मध्ये ती पुन्हा मंजूर केली. मतदान फक्त नागरिकांना करता येते, परंतु टेक्सासच्या 2019 च्या कायद्यानुसार शिक्षण मंडळाच्या खुल्या सभेत विषयपत्रिकेवरील बाबींवर निर्णय होण्याआधी बोलण्याची संधी जनतेला द्यावीच लागते, आणि त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. ज्या बाईला त्या सभेत उभे राहण्याची भीती वाटते, तिचे म्हणणे तिच्या नावाचा उल्लेख न करता आपण मांडू शकतो. कुटुंब-सहभागाचा एक टक्का यंदा कशावर खर्च झाला, त्यातील किती पाळणाघर आणि ने-आणीवर गेला, आणि पुढच्या वर्षी किती जाणार, एवढेच प्रश्न लेखी न्यावेत आणि उत्तरही लेखी मागावे.

ज्या स्कूल डिस्ट्रिक्टचे आर्थिक वर्ष जुलैत सुरू होते त्यांना जूनअखेरपर्यंत, आणि ज्यांचे सप्टेंबरात सुरू होते त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत अंदाजपत्रक मंजूर करावे लागते, आणि त्याआधी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. आपापल्या डिस्ट्रिक्टची तारीख मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत आताच लिहून ठेवावी, आणि तिथे कोण बोलणार हे पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ठरवावे, ही आग्रहाची विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक मराठी स्वयंसेविका
सॅन अँटोनियो, टेक्सास